म्युनिकमध्ये भाड्याचं घर कोणत्या भागात बघावं? (संभाजीनगरहून निघतोय)

गुलमंडीकर
नमस्कार मंडळी. नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी लागली आहे. ऑफिस पेटुएलरिंग स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तो आधी जाणार, मी आणि लेक मागून. लेक पुढच्या जुलैत सहा वर्षांची होईल. मी फार्मासिस्ट आहे, इथली नोकरी सोडून येते आहे, जर्मनचा ए-२ पातळीचा वर्ग चालू आहे.

वाळूजमधल्या त्याच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काही जण तिकडे आहेत. एक म्हणतो नॉयपेरलाखला या, आपली माणसं आहेत आणि भाडंही जरा सुसह्य. दुसरा म्हणतो गार्खिंग बघा, शांत आणि स्वच्छ. तिसरा म्हणतो शहराबाहेर एखाद्या गावात घ्या, तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळेल. नवऱ्याचं म्हणणं, ऑफिसच्या जवळ असलं की झालं. सगळं धरून महिन्याला सोळाशे-सतराशे युरोपर्यंत जाऊ शकतो.

नकाशा रोज उघडते आणि रोज जास्तच गोंधळते. तुम्ही भाग ठरवताना सगळ्यात आधी काय पाहिलंत, ते सांगाल का?

मांजराकाठ
ताई, मी लातूरचा, नॉयपेरलाखमध्येच राहतो. माझं मत उघडच तिकडे झुकणार, पण कारणं सांगतो.

हा भाग १९६७ पासून आखून वसवला. उंच इमारती, मधे गाड्यांशिवायचे पायरस्ते, शाळा-दुकानं-दवाखाना हाकेच्या अंतरावर. तुम्ही संभाजीनगरच्या आहात म्हणून सांगतो, सिडकोचे एन-वन, एन-टू जसे आधी कागदावर आखून मग उभे राहिले, तसंच. जर्मन लोक नाक मुरडतात. 'तिथे कशाला?' असं माझ्या ऑफिसातही विचारलं गेलं. पण घराला लिफ्ट आहे, खिडकीतून झाडं दिसतात, ओस्टपार्क आणि पेप नावाचा मॉल दोन्ही चालत. यू-५ (यू-बान, म्हणजे इथली मेट्रो) थेट ओडेऑन्सप्लात्सला नेते, तिथे यू-३ पकडली की पेटुएलरिंग. पाऊण तासाच्या आत दारापासून दारापर्यंत.

आणि दिवाळीत फराळाचं ताट घेऊन खालच्या मजल्यावर जाता येतं. त्याची किंमत भाड्याच्या कागदावर नसते.

परभणी_जंक्शन
गार्खिंगला शिकतो. विद्यार्थ्यांसाठी झकास, विद्यापीठाचा मोठा परिसर इथेच आहे आणि यू-६ शेवटपर्यंत येते. पण कुटुंबाला काय आवडेल सांगता येत नाही. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर आम्ही आणि आमच्या सायकलीच. शिवाय पेटुएलरिंगला जायचं तर आधी म्युन्शनर फ्रायहाइटपर्यंत खाली या आणि यू-३ ने पुन्हा वर जा. नकाशावर जवळ दिसतं, गाडीने तसं नाही.

अंबाजोगाईकर
भाग नंतर ठरवा, आधी हिशेब समजून घ्या. जाहिरातीत ठळक दिसतं ते 'काल्टमीटे', म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून 'वार्ममीटे' होते. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो नसो.

म्युनिक जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे. नव्या करारात चौरस मीटरला काल्टमीटे वीस युरोच्या वर सहज जाते. तुमच्या पैशांत साठ-पासष्ट मीटरचं घर धरून चला. तीन खोल्यांची जाहिरात म्हणजे आपला टू-बीएचके, स्वयंपाकघर-बाथरूम खोल्यांत मोजत नाहीत.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमीटे. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. कोणी चार-पाच महिन्यांचं मागत असेल तर तिथूनच मागे फिरा. दलाल घरमालकाने लावला असेल तर त्याची फी मालकाची. २०१५ पासून तसा नियम आहे.

आणि करारात 'श्टाफेल' किंवा 'इंडेक्स' हे शब्द दिसले तर थांबून वाचा. पहिल्यात भाडं ठरलेल्या टप्प्यांनी चढतं, दुसऱ्यात महागाईच्या आकड्याबरोबर. भाडेकरू संघाचं वार्षिक सभासदत्व घेतलं की ते करार वाचून देतात. तो खर्च करा.

जालना_स्टील
ज्वारीचं पीठ कोणत्या भागात मिळतं? माझ्यासाठी निकष तोच.

मांजराकाठ
@जालना_स्टील, हाउप्टबानहोफच्या, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला गोएथेश्ट्रासेच्या आसपास भारतीय, अफगाणी, तुर्की दुकानांची रांग आहे. तिथे बघा. कधी असतं, कधी नसतं. दिसलं की दोन पिशव्या उचलायच्या.

रेणापूरची_लेक
गुलमंडीकर ताई, सगळे तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसपासून अंतर मोजत आहेत. तो ऑफिसला जाणारच. यू-बानमध्ये वीस मिनिटं काय आणि चाळीस काय, त्याला तिथे टेबल आहे, माणसं आहेत, कॅन्टीन आहे. घर तुमच्या दिवसावरून निवडा.

आम्ही पहिलं घर शहराबाहेरच्या एका गावात घेतलं होतं. सुंदर. गॅलरीतून शेतं, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी आल्प्स. खोली एक जास्त, भाडं कमी. मिस्टर सकाळी साडेसातला गाडी घेऊन जायचे. बस तासाला एक आणि संध्याकाळी तीही नाही. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत अंधार पडतो. बाबागाडी घेऊन बर्फातून बसथांब्यावर जायचं, तर परतीच्या बसचा हिशेब आधी. चुकली की तिथेच उभं. जर्मनचा वर्ग संध्याकाळी शहरात, म्हणून तो घेताच आला नाही. भाषा नाही म्हणून ओळखी नाहीत, ओळखी नाहीत म्हणून भाषा नाही. आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगायचे आणि फोन ठेवल्यावर खिडकीतली तीच शेतं बघत बसायचे.

मग आम्ही गीझिंगला आलो. घर लहान, रस्त्याचा आवाज. पण खाली ट्राम, कोपऱ्यावर बेकरी, समोर खेळाचं मैदान. मैदानावर एका बोस्नियन बाईशी ओळख झाली आणि तिच्यामुळे वर्गाचा पत्ता लागला. आज मी नोकरी करते.

तुम्ही फार्मासिस्ट आहात. इथे त्याच कामाला परवाना लागतो आणि त्यासाठी व्यवसायाच्या भाषेची सी-१ पातळीची परीक्षा. म्हणजे दोन-तीन वर्षं तुम्ही वर्गांना जाणार. फोक्सहोखशूलेचे, म्हणजे प्रौढांसाठीच्या शिक्षणसंस्थेचे वर्ग शहरात ठिकठिकाणी भरतात. लेकीला शाळेत सोडून, वर्ग करून, वेळेत परत येता येईल अशी जागा शोधा. मिस्टरांचं ऑफिस त्यानंतर.

परभणी_जंक्शन
ताई, हे माझ्या वहिनीला दाखवतो. ती अशाच एका गावात आहे आणि दादा म्हणतो, 'एवढं मोठं घर दिलंय, अजून काय पाहिजे?'

उदगीरी
रेणापूरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात शाळेची भर घालतो, कारण तुमची लेक शाळेच्या उंबरठ्यावर आहे.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सरकारी प्राथमिक शाळा आपण निवडत नाही, पत्ता निवडतो. प्रत्येक शाळेची हद्द ठरलेली असते. तुम्ही ज्या रस्त्यावर राहता त्यावरून शाळा ठरते. बदलून मागता येते, पण सबळ कारण लागतं. म्हणून घर आवडलं की आधी त्या पत्त्याची शाळा कोणती ते शोधा आणि सकाळी पावणेआठला त्या रस्त्याने चालून बघा. इथली पहिली-दुसरीची पोरं एकटी चालत जातात. मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हे तेव्हाच कळतं.

शाळा दुपारी लवकर सुटते. पुढचे तास पोर कुठे राहणार, हा मोठा प्रश्न. 'होर्ट' किंवा 'मिट्टाग्सबेट्रॉयुंग', म्हणजे शाळेनंतर मुलं सांभाळण्याची सोय, तिथली जागा घराबरोबरच शोधायला लागा. कुणाकडे मिळते, कुणाकडे वर्षभर रांग.

आमचं सुचवणं: मोझाख. यू-३ तिथूनच सुटते, पेटुएलरिंगला बदल न करता दहा-बारा मिनिटं. ही लाइन १९७२ च्या ऑलिंपिकसाठी आली तेव्हा ऑलिंपिया पार्कपर्यंतच होती, मोझाखपर्यंत २०१० मध्ये पोचली. एस-१ (एस-बान, म्हणजे उपनगरी लोकल) पण तिथे थांबते आणि तीच विमानतळाला जाते. नाव कुणी घेत नाही, दिसायला फार देखणा भाग नाही, पण जुन्या वस्तीचा चर्च-चौक आहे, बाजार आहे, आणि दोन्ही गाड्या आहेत.

अंबाजोगाईकर
एस-बानच्या भरवशावर घर घेणाऱ्यांसाठी: जवळपास सगळ्या एस-बान शहराखालच्या एकाच दोन रुळांच्या बोगद्यातून जातात. एक सिग्नल बिघडला की पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सगळं अडकतं. दुसऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, ते लवकर होणार नाही. यू-बान चालत गाठता येत असेल तर थोडं जास्त भाडं द्या.

तिकिटाच्या झोनचं मात्र टेन्शन नको. डॉइशलंडटिकेट हा महिन्याचा पास घेतला की देशभरातल्या लोकल गाड्या त्यात आल्या. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ आहे.

गोदातीर
मी नांदेडहून लिहितो. वय झालं, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या. लेक-जावई नॉयपेरलाखला राहतात. आम्ही दोघं तिथं जाऊन राहिलो. व्हिसा नव्वद दिवसांचा असतो, त्याहून जास्त सलग राहता येत नाही.

तुम्ही समदे तरणे लोकं. गाडी, शाळा, भाडं बोलायलात. मी म्हाताऱ्यांचं सांगतो. तुमचे आई-बाप येणारच. लेकीच्या एका मैत्रिणीचं घर जुन्या देखण्या बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिची सासू आली ती आठवड्यातून एकदाच खाली उतरायची. गुडघे. लेकीच्या घराला लिफ्ट, खाली उतरलं की बाकडं, पुढं ओस्टपार्कातलं तळं. मी रोज सकाळी एकटा जायचो. वाटेत सिग्नल एकच. तिसऱ्या आठवड्यात एक जर्मन आजोबा मला हात करायले. भाषा दोघांनाही येत नाही, पण हात रोज करायले.

पोरीहो, घर बघताना आई-बाप एकटे खाली उतरून परत येऊ शकतील का तेवढं बघा. नाहीतर त्यांच्यासाठी ती कैदच हाय.

रेणापूरची_लेक
काका, किती बरं वाटलं वाचून. पुढच्या वेळी आलात की गीझिंगला या, पिठलं-भाकरी माझ्याकडे.

जालना_स्टील
भाकरी कशाची, ताई? पीठ सापडलं का?

रेणापूरची_लेक
@जालना_स्टील, आईच्या हातची दळून आणलेली ज्वारी आहे, भाऊ. पीठ आणायला हरकत नसते. तूप, पेढे, खवा मात्र आणू नका, युरोपीय संघाबाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. येसरचा मसाला डबाभर आणा.

मांजराकाठ
विषय निघालाच आहे म्हणून पाण्याचं सांगतो. लातूरचा माणूस घर बघायला गेला की आधी नळ सोडतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आलं, ते दिवस मी घरी होतो. इथे नळाचं पाणी सरळ प्यायचं. शहराचं बहुतांश पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं आणि ते स्वच्छ राहावं म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना १९९२ पासून सेंद्रिय शेतीसाठी पैसे दिले जातात. शेतात काय पडतं त्याची काळजी शहर घेतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे मांजरा धरणाच्या वर असं काही व्हावं असं मनापासून वाटतं.

पाणी जड आहे मात्र. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो, शॉवरची भोकं बुजतात. महिन्याला व्हिनेगर घालून उकळा. सगळ्या भागांत तेच, त्यामुळे निवडीत फरक पडत नाही.

औंढा_नागनाथ
'आपली माणसं जवळ' या मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. पहिली दोन वर्षं मी आपल्याच लोकांत राहिलो. शनिवारी याच्याकडे, रविवारी त्याच्याकडे. मजा आली, पण जर्मन शून्य. बायकोचीही तीच गत. मुलं मैदानावर हिंदीत खेळायची. भाग बदलल्यावरच भाषा आली.

मांजराकाठ
भाऊ, माणसं असली म्हणून भाषा येत नाही, हे पटत नाही. माझी बायको आमच्याच इमारतीतल्या नगरच्या बाईबरोबर वर्गाला जायची. थंडीत एकटी गेली नसती. पोरांना आळीपाळीने सांभाळायच्या दोघी, म्हणून दोघींचा बी-२ झाला.

औंढा_नागनाथ
हे बरोबर आहे. तशी जोडीदारीण आम्हाला मिळाली नाही.

गुलमंडीकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रेणापूरच्या ताईंचं लिहिणं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग स्वतःच म्हणाला की गावातलं घर यादीतून काढू.

आता अडचण अशी की तो इथूनच घर पक्कं करायचं म्हणतोय. एका घराचे फोटो फार छान आहेत, मोझाखजवळच, भाडंही कमी. मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरियरने पाठवतो म्हणतो.

अंबाजोगाईकर
ताई, एक पैसा पाठवू नका! परदेशातला मालक, स्वस्त भाडं, कुरियरने किल्ली. ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. घर आतून बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय पैसे नाहीत.

उदगीरी
+१. इथून घर पक्कं करायचंच नाही. मिस्टरांनी आधी दोन-तीन महिन्यांसाठी सामानासकट तात्पुरती खोली घ्यावी. महाग पडते, पण तेवढ्यात घरं बघता येतात. खोली घेताना एकच विचारा: पत्त्याची नोंदणी करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, आणि तिला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. नोंदणीनंतर टॅक्सचा नंबर पोस्टाने येतो. पत्रपेटीवर नाव चिकटवलं नसेल तर पोस्टमन ते पत्र परत नेतो.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऑक्टोबरफेस्ट असतो. तेव्हा तात्पुरत्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. त्याच्या आधी पोचून खोली धरून ठेवा, नाहीतर नंतर या.

घर बघायला जाताना नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या असतील तेवढ्या आणि तिघांची ओळख करून देणारं जर्मनमधलं एक पानी पत्र न्या. 'शुफा'चा पतदाखला नव्या माणसाकडे नसतोच, कंपनीचं पत्र जोडा. एका घराला पन्नास जण येतात, कागद तयार असणारा पुढे सरकतो.

परभणी_जंक्शन
आणि स्वयंपाकघर आहे का बघा! मित्राने घर घेतलं, आत गेला तर भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या. ओटा, शेगडी, सिंक, सगळं जुना भाडेकरू काढून घेऊन गेला.

रेणापूरची_लेक
हो, ते इथे नेहमीचं आहे. बऱ्याचदा जुना भाडेकरू ओटा-कपाटं विकत देऊ करतो. मोजून, चालू आहे का बघून, भाव करून घ्या.

अजून एक. कोपऱ्यातल्या भिंती हाताने चाचपून बघा, विशेषतः बेडरूमच्या. थंडीत आपण खिडक्या घट्ट लावून फोडण्या देतो, कपडे आतच वाळत घालतो, आणि भिंतीला काळी बुरशी धरते. मग घर सोडताना डिपॉझिटवरून भांडण. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, बाहेर उणे पाच असलं तरी.

गोदातीर
रविवारी काही दुकान उघडं नसतं, हे कोणी सांगितलंच नाही. शनिवारी दूध आणून ठेवा. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. जावई ठोकायले तर खालची बाई वर आली.

गुलमंडीकर
उशिरा लिहिते आहे, पण धागा अर्धवट सोडायचा नव्हता. नवरा ऑगस्टमध्ये पोचला, तात्पुरत्या खोलीत राहून घरं बघितली. गेल्या आठवड्यात मोझाखमध्ये करार झाला. बासष्ट मीटर, दुसरा मजला, लिफ्ट आहे. यू-बान सात मिनिटं चालत. नॉयपेरलाखचंही एक घर मनात भरलं होतं, पण लेकीची शाळा आणि माझा वर्ग दोन्ही मोझाखहून एकाच फेरीत जमतात, म्हणून हे घेतलं. शाळेचा रस्ता त्याने सकाळी चालून व्हिडिओ करून पाठवला. एकच रस्ता ओलांडायचा, तिथे सिग्नल आहे.

एक विचारायचं राहिलं. लेक जुलैत सहाची होते. तिला पुढच्या सप्टेंबरमध्येच पहिलीत घालावं लागेल का? जर्मन तिला अजून अजिबात येत नाही.

उदगीरी
अभिनंदन! जुलै ते सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण होणाऱ्या मुलांच्या पालकांना निवड असते. नावनोंदणीच्या वेळी शाळा मुलीला भेटते, सल्ला देते, पण त्याच वर्षी घालायचं की पुढच्या, हे तुम्ही ठरवता. आल्या आल्या किंडरगार्टनच्या जागेसाठी शहराच्या पोर्टलवर नाव टाका. शाळेआधी मुलांसाठी २४० तासांचा जर्मनचा पूर्ववर्ग असतो, तो तिला मिळेल का तेही तिथेच विचारा. वर्षभर किंडरगार्टनमध्ये खेळली की भाषेचं तुम्हाला बघावं लागणार नाही.

मांजराकाठ
नॉयपेरलाखचं घर सोडलंत, तरी दिवाळीला इकडे या. आणि घरात ओटा आहे का? नसेल तर आमच्या इमारतीत एक कुटुंब घर सोडतंय, त्यांचा ओटा चांगला आहे. भिंतीचं माप पाठवा, मी आज संध्याकाळी मोजून कळवतो.

गुलमंडीकर
ओटा नाहीये, दादा! भिंत दोन मीटर ऐंशी, नळाची जोडणी डाव्या हाताला, खिडकी उजवीकडे. नवऱ्याचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.